जहाजाच्या नावातलं पहिलं अक्षर

१

माझ्या नातीला पहिली मुलगी झाली ती दवाखान्याच्या तळघरात, बटाट्यांच्या पोत्यांना लागून टाकलेल्या खाटेवर. ते दोन हजार बावीसचं साल. मुलगी तीन दिवसांची होती तेव्हा शत्रू आमच्या वेर्बिव गावात शिरला, आणि ती रांगायला लागली तेव्हा नदी ओलांडून पलीकडे गेला. मधले आठ महिने कसे काढले ते सांगत बसले, तर जे सांगायचं आहे ते राहून जाईल.

जाण्याआधी त्यांनी आमचं संग्रहालय रिकामं केलं. तीन दिवस दाराशी ट्रक लागत होते. चित्रं खिडक्यांच्या पडद्यांत गुंडाळली, दोरीने बांधली आणि नेली. मी तिसऱ्या दालनात खुर्ची टाकून बसणारी राखणदार. एकतीस वर्षं लोकांना "हात लावू नका" एवढंच सांगत आले. त्या तीन दिवसांत मला कुणी फाटकाच्या आतही घेतलं नाही.

पण एका चित्राबद्दल आम्ही चौघं निर्धास्त होतो.

चित्र म्हणजे छाप. लिनोलियमचा, म्हणजे फरशीवर अंथरतात त्या जाड चादरीचा, ठसा कोरून कागदावर उठवलेला. त्यात आमचा जहाजांचा कारखाना आहे. उतारावर उभं अर्धं जहाज, त्याच्या अंगावर वेल्डिंग करणारी माणसं, काळ्या आकाशात पांढऱ्या ठिणग्या, आणि जहाजाच्या नाकाडावर त्याचं नाव: येद्निस्त. म्हणजे एकजूट. कोरणारा यारेमा क्विताश स्वतः त्याच कारखान्यात वेल्डर होता. छाप वीतभर उंच आणि दोन विती लांब, पण संग्रहालयाच्या माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर तोच होता. कारखाना आता नाही, बॉम्बांनी गेला. त्या कागदावरची माणसं मात्र खरी आहेत. मुखवटा वर सारून पाठमोरा उभा आहे तो माझा नवरा ओमेल्को. तो जाऊन वीस वर्षं झाली. गावात प्रत्येकाला त्या छापात आपलं कुणीतरी सापडतं.

युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही तो लपवला होता. आम्ही चौघं म्हणजे कोठाराचा रक्षक तिमिश दानिलोविच, उपसंचालिका कपितोलिना आर्कादिव्ना, चौकटी बनवणारा झाखार, आणि मी. कोठारातल्या, खोली गरम करायच्या बंद पडलेल्या शेगडीचा मागचा पत्रा काढला, छाप आत ठेवला, पत्रा पुन्हा बसवला. चौघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

गाव सुटल्यावर चौथ्या दिवशी आम्ही चौघं कोठारात गेलो. भिंतींवर नुसते खिळे होते. खाली दानिलोविचचं जुनं लंगडं टेबल तेवढं उरलं होतं, ते कुणी नेलं नव्हतं. झाखार शेगडीमागे वाकला आणि स्क्रू काढायला लागला. एक काढला, दुसरा काढला.

"राहू दे," दानिलोविच म्हणाला. "तो तिथं नाही."

झाखारचा तिसरा स्क्रू अजून निघायचा होता.

२

दानिलोविचने त्या दिवशी टोपी घातली आणि तो घरी गेला. त्यानंतर तो कुणाशी धड बोलला नाही.

जानेवारीत सोलोमिया आली. सरकारी वकिलांच्या कचेरीतली तपास अधिकारी, तिशीची, सतत नाक ओढणारी, कारण कचेरीत हीटर नव्हता. तिने आम्हाला एकेक करून बोलावलं. माझी पाळी आली तेव्हा तिने आधी मला चहा दिला, मग टेबलावर दोन कागद ठेवले.

"आजी, हे बघा. हा बेकरीच्या कॅमेऱ्यातला फोटो. ऑक्टोबरची एकतीस तारीख."

संग्रहालयाचं मागचं फाटक. दानिलोविच एका अधिकाऱ्याच्या हातात पुठ्ठ्याची नळी देतोय. अधिकाऱ्याचा हात दानिलोविचच्या खांद्यावर, शाबासकी दिल्यासारखा.

"आणि हे त्यांनी गेल्या आठवड्यात छापलंय. पलीकडच्या प्रदर्शनातलं."

एक भिंत, भिंतीवर काचेच्या चौकटीत आमचं जहाज. समोर दोन बायका पुष्पगुच्छ घेऊन उभ्या.

"खाली त्यांनी लिहिलंय, आमच्या संग्रहातून," सोलोमिया म्हणाली. "छापाच्या अनेक प्रती असतात, ही आमची आहे, असं म्हणतील. पण कपितोलिना आर्कादिव्नांनी ओळखलंय. सही केलीय. चोरीच्या यादीत जगभर जाईल आता."

"आणि दानिलोविच?"

"शत्रूला मदत केल्याचं कलम. बारा वर्षांपर्यंत." ती नाक ओढत म्हणाली. "मी त्यांना तीनदा विचारलं. ते म्हणतात, 'जे दिसतंय ते दिसतंय.' असं कोण बोलतं?"

"चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस बोलतो," मी म्हटलं. "फुप्फुसं गेलीत त्याची. तुझी बारा वर्षं त्याच्याकडे नाहीत, पोरी."

"म्हणून तर विचारते. तुम्ही त्यांना कधीपासून ओळखता?"

"तो अठराचा होता आणि मी वीसची, तेव्हापासून."

मी चष्मा चढवला आणि दुसरा फोटो डोळ्यांजवळ धरला. मी उशिरा वाचायला शिकले. आमची गाडी-घोडे घेऊन फिरणारी जमात. आम्हाला गावात वसवलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि मला शाळेत बसवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यामुळे मी अजूनही एकेक अक्षर सुटं करून वाचते. शिकलेली माणसं शब्दाकडे एकदा बघतात आणि पुढे जातात.

आकाशात, ठिणग्यांच्या वर, एक गोल पांढरा डाग होता. दिव्याची तिरीप काचेवर पडावी तसा. मग मी जहाजाच्या नाकाडावर आले. पहिलं अक्षर. दुसरं. तिसरं. मी पुन्हा पहिल्यावर गेले.

"काय झालं आजी? चूक आहे का काही?"

मी फोटो खाली ठेवला. चूक नव्हती, तेच तर होतं. त्या अक्षरात चूक असायला हवी होती.

३

मी तिला तेव्हा काही सांगितलं नाही. जे बोलायचं ते हातात काही असल्याशिवाय बोलू नये, एवढं मला कळतं.

आधी मी कपितोलिना आर्कादिव्नांकडे गेले. त्या कोट घालूनच कचेरीत बसल्या होत्या आणि हरवलेल्या वस्तूंच्या याद्या करत होत्या. आठ महिने त्यांनी काय काय सोसलं ते मला माहीत आहे, म्हणून मी त्यांच्याबद्दल वाईट लिहिणार नाही. पण त्यांचा आवाज तेव्हाही वर्गात शिकवल्यासारखाच होता.

"होर्पिना साविव्ना, तुम्हाला त्याचा कळवळा आहे हे समजतं मला. पण मी त्या छापावर दोन लेख लिहिलेत. मी डोळे मिटून ओळखेन."

"डोळे उघडून बघितलंत का?"

"म्हणजे?"

"नाव वाचलंत? जहाजाचं?"

"येद्निस्त," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तीस वर्षं तेच वाचतेय."

"आणि आकाशातला तो पांढरा डाग?"

"काचेवर दिव्याची तिरीप आहे ती. तुम्ही घरी जा, विश्रांती घ्या. तुमचं वय झालं."

"तुमचंही होईल," मी म्हटलं, आणि निघाले.

झाखार त्याच्या कामाच्या खोलीत होता. खिडक्यांना काच नव्हती, प्लायवुड ठोकलेलं. त्याने मला बघून सलाम ठोकला.

"मावशी, पोलिसात लागलात म्हणे! टोपी नाही दिली अजून?"

"टोपी पेन्शनबरोबर देणार आहेत. तू एप्रिलमध्ये गाव सोडलंस तेव्हा खोलीची किल्ली कुणाकडे होती?"

"दानिलोविचकडे. दुसऱ्या कुणाकडे ठेवणार? पण इथून काही गेलं नाही. चोरण्यासारखं होतं काय? हातोडे, सरस, आणि ही माझी अब्रू."

"ती तर तूच विकून खाल्लीस."

तो हसला. मी खोलीत फिरले. कोपऱ्यातल्या खिळ्याला रबरी रोलर टांगला होता. मी कारखान्याच्या छापखान्यात अकरा वर्षं रोलर धुतले आहेत. रोलर कसा धुतला आहे त्यावरून धुणाऱ्याला घाई होती की नव्हती ते मी सांगू शकते. मधलं रबर स्वच्छ होतं, पण दोन्ही टोकांना, दांड्याजवळ, काळी किनार राहिली होती. मी बोट फिरवलं. शाई जुनी नव्हती, बोटाला चिकटली.

"हा कधी वापरलास?"

"तो? दहा वर्षं हात लावला नाही."

त्याच्याखाली काळ्या छपाईच्या शाईचा डबा होता. शाई पडून राहिली की दुधासारखी साय धरते. ह्या डब्यावरची साय मधोमध फोडलेली होती.

"झाखार," मी म्हटलं, "शेगडीमागे छाप आहे हे तू कुणाला बोललास?"

त्याचं हसू गेलं. "मी गावात नव्हतो, मावशी. माझ्या आईची शपथ. आणि दानिलोविचने केलं असं तुम्हाला वाटत असेल, तर मला नाही वाटत. पण मग त्या फोटोत तो काय देतोय?"

त्याच दिवशी दुपारी मी बोर्श्चचं पातेलं शालीत गुंडाळून दानिलोविचकडे गेले. त्याच्या दारावर कुणीतरी लाल रंगाने लिहिलं होतं: गद्दार. सात अक्षरं आहेत आमच्या भाषेत. मी सातही वाचली.

तो खाटेवर बसून खोकत होता. मी पातेलं ठेवायला फळीवर जागा केली. फळीवर झाकणं आवळायचं हातयंत्र होतं, तीन लिटरच्या काचेच्या बरण्यांना पत्र्याची झाकणं बसवतात ते. नवं कोरं. त्याच्याशेजारी एक मोठा लाकडी चमचा. चमच्याची पाठ आरशासारखी चकचकीत झाली होती, आणि दांडा काळा.

"दानिलोविच, तू कधीपासून लोणची घालायला लागलास?" मी विचारलं. "चाळीस वर्षं माझ्याच काकड्या खातोस."

"साविव्ना," तो म्हणाला, "सूप गार होतंय."

आणि त्याने तो चमचा उचलून उशीखाली ठेवला.

४

आता त्या अक्षराबद्दल सांगायला हवं.

ठसा कोरताना सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. मी सदुसष्ट साली कारखान्याच्या छापखान्यात रोलर धुवायला लागले तेव्हा मला एकही अक्षर येत नव्हतं. तिथं भिंतीला टेकवलेले ठसे असायचे, आणि मी त्यांच्यावरून अक्षरं ओळखायला लागले. म्हणजे मी सगळी अक्षरं उलटी शिकले. यारेमा क्विताशला ते कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग त्याने मला पहिलीचं पुस्तक आणून दिलं, आणि मी ती सगळी पुन्हा सरळ शिकायला लागले.

त्याच आठवड्यात त्याचा जहाजाचा ठसा पूर्ण होत आला होता. फक्त नाव कोरायचं होतं. "होर्पिना," तो म्हणाला, "पहिलं अक्षर तू कोर. तुझा नवरा आहे ह्यात, तुझंही काहीतरी असू दे."

पहिलं अक्षर 'ये'. आमच्या लिपीत ते चंद्रकोरीसारखं असतं, पोटात एक आडवी काडी, तोंड उजवीकडे. तेच तोंड डावीकडे फिरवलं की शेजाऱ्यांच्या लिपीतलं 'ए' होतं. मी नुकतंच ते पुस्तकातून सरळ शिकले होते. अभिमानाने मी ते ठशावर सरळच कोरलं. त्यामुळे कागदावर ते उलटं उमटलं. आमच्या जहाजाच्या नावाला पहिलंच अक्षर परक्यांचं लागलं.

तीन छाप निघाल्यावर क्विताशच्या ते लक्षात आलं. मी रडायला लागले. त्याने ठशातला तेवढा चौकोन कापून काढला, लिनोलियमचा नवा तुकडा बसवला आणि अक्षर नीट कोरलं. उद्या तीस छाप काढू, म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी वरून हुकूम आला. जहाजाचं नाव बदललंय, तेव्हाच्या राजधानीच्या, म्हणजे शेजाऱ्यांच्या भाषेत ठेवलंय, तेव्हा हे चित्र छापायचं नाही आणि ठसा जाळून टाकायचा.

म्हणून जगात त्या चित्राचे तीनच छाप झाले आणि तिन्हींत माझी चूक होती. एक क्विताशने शहरातल्या प्रदर्शनाला पाठवला, तो परत आला नाही. एक कारखान्याच्या क्लबात भिंतीवर चिकटवला होता, तो भिंतीबरोबर गेला. तिसरा संग्रहालयात आला. कपितोलिना आर्कादिव्नांनी तीस वर्षं तो शब्द वाचला, पण अक्षर बघितलं नाही. बघायला आलेल्या कुणीच बघितलं नाही. खुर्चीवरून मला मात्र रोज दिसायचं.

पलीकडच्या फोटोतल्या जहाजावर अक्षर बरोबर होतं. दुरुस्त केलेल्या ठशाचा एकही छाप सदुसष्ट साली निघाला नव्हता. मग तो छाप नवा होता. आणि नवा छाप काढायचा तर ठसा हवा.

ठसा जाळायचं काम कुणाला दिलं होतं? छापखान्यातल्या अठरा वर्षांच्या शिकाऊ पोराला. तिमिश दानिलोविचला.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी कोठारात गेले. दानिलोविचच्या लंगड्या टेबलाचा एक पाय दोन बोटं आखूड आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो एकाहत्तर साली संग्रहालयात कामाला लागला तेव्हापासूनचं ते टेबल, तरी ते कधी डुगडुगलेलं मी पाहिलं नव्हतं. मी माझी राखणदाराची खुर्ची आणली, तिचा पाय टेबलाखाली तरफेसारखा घातला आणि अंगाचा भार टाकला. टेबल उचललं गेलं. आखूड पायाखाली, एकावन्न वर्षं धूळ खाल्लेल्या चौकोनात, एक फळी होती. फळीवर लिनोलियम. मी ती पायाने ओढून बाहेर काढली आणि खिडकीपाशी नेली.

पाठमोरा ओमेल्को तिथं होता, उलट्या अंगाला वळलेला. नावात चौकोनी ठिगळ होतं. आणि आकाशात, ठिणग्यांच्या वर, टेबलाच्या पायाने इतक्या वर्षांत दाबून दाबून एक गोल खळगा पाडला होता.

खळग्यात शाई पोचत नाही. कागदावर तो पांढरा उमटतो. दिव्याच्या तिरिपीसारखा.

५

मी ठसा शालीत गुंडाळून दानिलोविचच्या घरी नेला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. तो बराच वेळ त्याच्यावरून हात फिरवत राहिला.

"सांगितलंस कुणाला?" त्याने विचारलं.

"नाही. आधी तुझ्याशी बोलायचं होतं. बरोबर सांगते का बघ. झाखारच्या खोलीतली शाई, त्याचाच रोलर. दाबयंत्र नव्हतं, म्हणून कागद ठशावर ठेवून चमच्याच्या पाठीने घासलास, आपण पोस्टरं काढायचो तसा. कागद कुठला?"

"कारखान्याच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं. चहात बुडवली." त्याला खोकला आला. "लिनोलियम पापडासारखं झालं होतं. तेल चोळलं, इस्त्रीने ऊब दिली. आठ छाप फाडले, नववा बरा आला. त्यांचा अधिकारी माहितीपुस्तक घेऊन आला होता, साविव्ना. मुखपृष्ठावर बोट ठेवून म्हणाला, हे कुठंय? दोन दिवसांत आण, नाहीतर तुझी माणसं शोधतो. मग मी आणून दिलं."

"आणि खरा?"

त्याने ठसा पुन्हा शालीत गुंडाळला. मी झाकणं आवळायच्या यंत्राकडे बघितलं.

"तीन लिटरच्या बरणीत वीतभर कागद उभा मावतो," मी म्हटलं. "आतून काचेला लागून. आणि उन्हाळ्यात होडी चालू होती. दोन्ही काठ तेव्हा त्यांचेच होते. तू जुलैमध्ये याव्दोखाकडे बरण्या घेऊन गेला होतास, मीच तुला धक्क्यावर सोडलं. पलीकडे."

त्याने डोळे मिटले. याव्दोखा त्याची धाकटी बहीण, पलीकडच्या काठावर एकटी राहायची, आणि पलीकडचा काठ अजून त्यांच्याकडे होता.

"आत लिंडनची वाळलेली फुलं भरलीत," तो म्हणाला. "कुणाला वाटेल चहाची बरणी. तिच्या तळघरात, काकड्यांच्या मागे. आता तुला कळलं ना, मी का बोलत नाही? मी सुटायचं म्हणून सांगितलं, की त्यांच्या भिंतीवरचा छाप मी चमच्याने काढलेला आहे, तर ते विचारतील, खरा कुठंय. आणि तिमिश दानिलोविचची सख्खी बहीण कुठं राहते ते तिच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे."

"म्हणून दारावर ते लिहू दिलंस?"

"लिहू दे. लाल रंग महाग आहे, त्यांचाच जातोय."

"दानिलोविच, छाप शेगडीमागेच राहू दिला असतास आणि त्यांनी मागितल्यावर खराच देऊन टाकला असतास, तर एवढं झालं असतं का? कागदच आहे शेवटी. माणसापेक्षा मोठा आहे का?"

तो माझ्याकडे बघून चिडला. त्या अवस्थेतही चिडला.

"तीन होते. एक उरलाय. त्यात ओमेल्को आहे, माझा बाप आहे, तो जहाजाच्या टोकावर. आणि तुझं अक्षर आहे, साविव्ना. तू तेव्हा किती रडली होतीस! तुझं अक्षर मी त्या माणसाच्या हातात देईन होय?"

मी उठले आणि त्याची भांडी घासली. दुसरं काही सुचलं नाही.

६

सोलोमियाला मी तिच्या कचेरीत नाही, माझ्या स्वयंपाकघरात बोलावलं. दार लावलं. टेबलावर ठसा, शाई, जुन्या वहीचा कागद आणि दानिलोविचचा चमचा मांडला. शाई लावली, कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासत गेले. हात अजून विसरले नव्हते. कागद सोलून तिच्या फोटोशेजारी ठेवला.

गोल पांढरा डाग त्याच जागी होता. ठिगळाच्या कडेची बारीक रेघ फोटोतही होती, एकदा दाखवल्यावर दिसायला लागली. मग मी तिला माझ्या अक्षराची गोष्ट सांगितली. आणि याव्दोखाची.

ती नाक ओढायची विसरली.

"म्हणजे जगभराच्या यादीत आम्ही जो चोरीला गेला म्हणून घातलाय," ती म्हणाली, "तो खोटा आहे."

"हो. आणि तो यादीत तसाच राहू दे. कपितोलिना आर्कादिव्नांची सहीही राहू दे. पलीकडे वाचतात सगळं."

"आजी, दानिलोविचांना सोडायचं तर कारण लिहावं लागतं."

"कायद्याचं तुला लिहिता येतं, मला नाही. असं काहीतरी लिही की खरंही होईल आणि कळणारही नाही."

तिने चार दिवस विचार केला. मग लिहिलं, की नळीत काय होतं ते सिद्ध होत नाही, सबब खटला उभा राहत नाही. ते खरंच होतं. कागद घेऊन ती स्वतः दानिलोविचच्या घरी गेली. त्याने वाचला, घडी घातली, आणि तिला माझ्या काकड्यांची बरणी भेट दिली. मला न विचारता.

गावाला मात्र एवढंच कळलं की म्हातारा पुराव्याअभावी सुटला. दारावरचा शब्द मी घासून काढला, तो पुन्हा कुणीतरी लिहिला. झाखारने मला एकदा विचारलं, "मावशी, सांगा ना, काय होतं नळीत?" मी म्हटलं, "पुठ्ठा." तो नाराज झाला, पण त्यानंतर दर रविवारी तो दानिलोविचच्या शेगडीसाठी चौकटींचं तुटकं लाकूड नेऊन टाकत असे. काही माणसांना न सांगता कळतं.

आम्ही थांबायचं ठरवलं होतं. याव्दोखा इकडे येईपर्यंत, किंवा तो काठ सुटेपर्यंत. दानिलोविच थांबू शकला नाही. त्याच्या दफनाला मी, झाखार आणि सोलोमिया, एवढेच होतो. तिघांनी मिळून सहा फुलं ठेवली, मेलेल्या माणसाला सम संख्येतच देतात. कपितोलिना आर्कादिव्ना रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या आणि आत आल्या नाहीत. मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं. नदीकडे बघितलं आणि गप्प राहिले.

मग जूनच्या सहा तारखेला वरचं धरण फुटलं. पलीकडचा काठ सखल आहे. याव्दोखाची शेजारीण छपरावर दोन दिवस बसून होती. ती होडीतून इकडे आली तेव्हा तिने सांगितलं. तळघर आधी भरलं, म्हणाली, आणि हलक्या बंद बरण्या वर येऊन गल्लीतून बदकांसारख्या पोहत गेल्या. याव्दोखा पाणी चढत असतानाच तळघरात उतरली होती, ती वर आली नाही. कशासाठी उतरली ते शेजारणीला कळलं नाही. मला कळलं.

आता लपवायला कुणी उरलं नाही, म्हणून मी हे लिहिते आहे. ज्यांनी ते दार रंगवलं त्यांनी हे वाचावं, आणि कपितोलिना आर्कादिव्नांनीही वाचावं. तिमिश दानिलोविचने शत्रूला चमच्याने घासलेला एक कागद दिला, आणि आमचा छाप दिला नाही.

लोणच्याच्या बरण्या बुडतात. कागद आणि वाळलेली फुलं असलेली बुडत नाही. पुराचं सामान कुठल्या कुठल्या किनाऱ्यांना लागलं म्हणतात. कुणाला लिंडनच्या फुलांची तीन लिटरची बरणी सापडली, तर फोडू नका. झाकण हळू काढा, काचेला लागून कागद असेल तर बाहेर घ्या आणि जहाजाच्या नावाचं पहिलं अक्षर बघा. ते चुकलेलं असेल तर तो आमचा आहे. वेर्बिवच्या संग्रहालयात, तिसऱ्या दालनात आणून द्या. खिळा तसाच ठेवला आहे, आणि मी खुर्चीवर असते.

तिमिश दानिलोविच ११ मार्च २०२३ रोजी, शनिवारी सकाळी, वेर्बिवच्या दवाखान्यात फुप्फुसांच्या आजाराने वारला. त्याची बहीण याव्दोखा दानिलिव्ना ७ जून २०२३ रोजी पुरात आपल्या घराच्या तळघरात बुडून वारली.